रील बंद करणाऱ्या मिस्त्रीकडचा नंदी

तान्ह्या पोळ्यासाठी लेकीला लाकडी नंदी घ्यायचा होता. यंदा तो भिवापूर-नागभीड पट्ट्यातल्या एका मिस्त्रीकडून करून घेतला. हा मिस्त्री आधी मोबाइलवर चांगलाच गाजलेला. त्याच्या नंदीच्या रील आमच्या गावातल्या प्रत्येक ग्रुपवर यायच्या. आता तो इन्स्टाग्रामवर नाही, फेसबुकवर नाही, व्हॉट्सॲपला स्टेटससुद्धा ठेवत नाही. त्यामुळे “त्यानं काम सोडलं”, “त्याचा हात गेला”, “तो पुण्याले गेला” अशा सगळ्या गोष्टी बाजारात ऐकू येतात. यातलं काहीच खरं नाही. काम सुरू आहे, आणि आधीपेक्षा चांगलं सुरू आहे. पैसे मोजून माल घेतला, पोळ्यात लेकीनं तो गावभर ओढला, म्हणून खात्रीनं लिहिते.

माझं स्वतःचं किराण्याचं दुकान आहे. पोळ्याच्या आठवड्यात बेगड, गोंडे, कपाळावर बांधायच्या मठाट्या, चवऱ्या, शिंगांचा हिंगूळ, घुंगरमाळा असा सगळा माल मीच विकते. कोणाच्या घरचा नंदी कसा आहे, कोणाच्या नंदीला कोणत्या मापाची मठाटी बसते, हे मला तोंडपाठ आहे. लेकरं नंदी काखेत घेऊनच दुकानात येतात.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. श्रावणातल्या अमावस्येचा पोळा खऱ्या बैलांचा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकायचे, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या” म्हणायचं, दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या करून झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणायच्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूरकडे तान्हा पोळा भरतो. सकाळी “ईडा पीडा, राई रोग घेऊन जाय गे मारबत” असं ओरडत मारबत, म्हणजे रोगराईचा पुतळा, गावाबाहेर काढायची, आणि दुपारनंतर लेकरांनी आपापले लाकडी नंदी सजवून तोरणाखाली आणायचे. मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. ज्याच्याकडे लाकडाचा नाही तो मातीचा आणतो, पण आणतो. नागपूरकर दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर ओढायला मोठी माणसं लागतात एवढे थोर नंदी येतात. आमच्या गावात तेवढं नाही. पण नंदी ही घरातली ठेव असते, एका पिढीचा दुसऱ्या पिढीला जातो, आणि म्हणून तो कोणाकडून घ्यायचा याला महत्त्व आहे.

बाजारात आता फायबरचे नंदी भरपूर आलेत. साच्यातले, एकासारखा एक, हलके, चकचकीत. लेकराला उचलायला सोपे जातात, त्यात वाईट काही नाही. खरा घोळ ओल्या लाकडाच्या नंदीत आहे. मोठ्या मुलासाठी काही वर्षांआधी रस्त्याच्या कडेला मांडलेल्या एका दुकानातून असाच एक घेतला होता. दिवाळी येईस्तोवर त्याच्या मानेतून उभा तडा गेला. जवळून पाहिलं तर आधीच्याच फटीत एमसील भरून वरून रंग मारलेला. विकणारा पुढच्या वर्षी तिथे बसलाच नाही. तेव्हापासून मी नंदी उलटा करून पोटाखालचं लाकूड पाहते. तिथे सहसा रंग नीट मारलेला नसतो, आणि लाकूड कसं आहे ते कळतं.

आता मिस्त्रीकडे येते.

घर पिढीजात सुताराचं. आजा बंडी म्हणजे बैलगाडी, वखर, तिफण करायचा, आणि पोळ्याच्या आधी नंदी. ट्रॅक्टर आले, बंडीला रबरी टायर आले, तसं ते काम आटलं. नंदी तेवढे राहिले. मिस्त्रीच्या पोरानं बापाचं काम टिकटॉकवर टाकायला सुरुवात केली, आणि ते चाललं. वासल्याचे ठोके आणि लाकडातून निघणारं बैलाचं तोंड पाहायला हजारो लोक जमले. 29 जून 2020 ला सरकारनं टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली आणि ते सगळे एका रात्रीत दिसेनासे झाले. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील सुरू केल्या. पोरानं तिथे पुन्हा पहिल्यापासून मांडामांड केली. टाळेबंदीचे दिवस होते, लोक घरात बसून मोबाइलच पाहत होते. दोन-तीन वर्षांत मिस्त्रीचं नाव झालं. पुणे, सातारा, सांगलीकडून फोन यायला लागले.

त्यानं ते सगळं का सोडलं, हे मी त्याला सरळ विचारलं. तो तेव्हा एका नंदीच्या पाठीवर पॉलिश पेपर मारत होता. हात न थांबवता सांगत राहिला.

“ताई, मी बैल नोतो बनवून राहिलो. लोकाइले जे आवडन ते बनवून राहिलो होतो.”

झालं असं की पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना लांब, मागे वळलेल्या शिंगांचा बैल आवडतो. तो खिल्लारचा ढंग. त्यांच्या भागात तोच बैल, तर त्यांना तोच आवडणार. मिस्त्रीनं एकदा हौसेनं तशी शिंगं केली. ती रील इतर कोणत्याही रीलपेक्षा जास्त चालली. मग दुसरा तसाच केला, तिसरा त्याहून लांब शिंगांचा. शिंगं वाढली तसं डोकं मोठं करावं लागलं, डोकं वाढलं तसं खांद जाड झालं. डोळ्यात काचेचे मणी आले, कारण मोबाइलच्या उजेडात ते चमकतात. अंगावर हिरवा-गुलाबी चमकता रंग आला. हे सगळं कोणी त्याला करायला सांगितलं नव्हतं. एकेका रीलनं त्याचा हात थोडाथोडा सरकवला.

मिस्त्रीचे वडील घरीच असतात. डोळ्यांनी आता फारच अधू, पण दुकानात खुर्ची टाकून बसतात आणि झालेला प्रत्येक नंदी हातानं चाचपून पाहतात. एका पोळ्याच्या आधी त्यांनी असाच एक नंदी चाचपला, शिंगांच्या टोकापर्यंत हात नेला आणि विचारलं, “हा कोन्या देशचा बैल होय बे?”

मिस्त्री म्हणतो, त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं. आजाच्या काळापासून त्यांच्या घरी जो नंदी कोरला जायचा तो गवळाऊचा. नागपूर-वर्ध्याकडचा हा बैल पांढरा, कधी राखाडी, अंगानं हलका, चालायला चपळ. तोंड लांब आणि अरुंद, कपाळ वरच्या बाजूला मागे झुकलेलं, शिंगं आखूड, डोळे बदामी. खिल्लारइतका तो फोटोत उठून दिसत नाही. आणि आता जिवंत गवळाऊची चांगली जोडी पाहायला मिळणंच कमी झालं आहे. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला सरकारी क्षेत्रावर हा वाण जपतात, पण गावागावातल्या गोठ्यांत कुठे आहे? माझ्या लेकीनं तो घरच्या दावणीला कधी पाहिलाच नाही. अशा वेळी लाकडात तरी तो नीट राहायला पाहिजे, आणि जे एक घर तो पिढ्यान्‌पिढ्या कोरत आलं तेच लाइकच्या मागे लागून तो विसरायला निघालं होतं. मला हे ऐकून फार लागलं.

बाकीचीही कारणं होती. जेवढा वेळ कोरण्यात, जवळजवळ तेवढाच चित्रीकरणात. रंध्यातून लांब गोल ढलपी निघते ती पाहायला लोकांना आवडते, तर नंदीला रंध्याचं फारसं काम नसतानाही कॅमेऱ्यासाठी एखादी फळी रंधत बसायचं. रात्री जेवण झाल्यावर “भाव काय” असे मेसेज उत्तर देत संपवायचे. विचारणारे खूप, घेणारे मोजके. त्याच्या नव्या नमुन्याचे फोटो रीलमधून काढून कोणीतरी तसेच फायबरचे साचे केले, आणि त्याचा स्वतःचा नंदी रंगून होण्याआधी त्याची नक्कल बाजारात आली. ज्यानं केलं त्याचं नाव मिस्त्री घेत नाही, मीही विचारलं नाही.

मग त्या वर्षीच्या मारबतीच्या दिवशी त्यानं सगळी खाती बंद केली. थोडे दिवस विश्रांती वगैरे नाही, पुसूनच टाकली. मिस्त्रीच्या घरच्या वहिनी सांगत होत्या, “सकाळी मारबत गेली आन्‌ तिच्यासोबत हेबी गेलं.” पोरगा महिनाभर बापाशी नीट बोलला नाही. त्याची मेहनत होती त्यात, त्याचं दुःख मला समजतं. आता तो आयटीआय करून राहिला, सुट्टीत बापाच्या हाताखाली बसतो.

पहिल्या वर्षी तोटा झाला, हे मिस्त्री लपवत नाही. बाहेरच्या ऑर्डरी जवळपास थांबल्या. घरांच्या चौकटी, दिवाणांची दुरुस्ती, शाळेचे बाक असं मिळेल ते काम केलं. दुसऱ्या वर्षी आजूबाजूच्या गावांतून लोक यायला लागले, एकानं दुसऱ्याला सांगितलं म्हणून. आता वर्षाचं काम वर्षात पुरेल एवढं आहे. त्याला त्याहून जास्त नको आहे, आणि जास्त आलं तर तो सरळ नाही म्हणतो.

प्रत्येक कलावंतानं असंच करावं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडच्या झाडीपट्टी नाटकांचंच पाहा. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा म्हणजे देसाईगंजला कंपन्यांची कार्यालयं, आणि कुठल्या गावी आज कोणतं नाटक हे लोकांना आता मोबाइलवरूनच कळतं. तिथल्या कलाकाराला हजार प्रेक्षक एका रात्रीत हवे असतात. त्यानं मोबाइल सोडला तर त्याच्या पोटावर येईल. माझ्या दुकानालाही स्टेटस लागतंच, नवा माल आला की टाकते. पण माझा माल खोक्यातून तयार येतो. स्टेटस टाकल्यानं माझ्या साबणाचा आकार बदलत नाही. मिस्त्रीच्या मालाचा बदलत होता.

आता प्रत्यक्ष ऑर्डर कशी द्यायची आणि नंदी कसा आला ते.

फोटो पाठवून ऑर्डर होत नाही. फोन करता येतो, पण फोनवर भाव ठरत नाही. एकदा जावंच लागतं, आणि ज्या लेकराचा नंदी आहे त्याला सोबत न्यावं लागतं. मी लेकीला घेऊन गेले तर आधी त्यानं तिला अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, हातात नुसती दोरी देऊन. चालताना हात कुठे राहतो ते पाहिलं, आणि त्यावरून कासरा किती लांब ठेवायचा, नंदी किती उंच ठेवायचा ते ठरवलं. म्हणाला, लेकरं दोन तास गावभर फिरतात, हात वर राहिला की खांदा दुखतो आणि मग नंदी बापाच्या डोक्यावर येतो. हे मला दुकानात इतकी वर्षं नंदी पाहूनही सुचलं नव्हतं.

मग त्यानं मला विचारलं, “घरी बैल होता का? कसा होता?”

आमच्या घरी ढवळ्या होता. सासऱ्यांचा. पांढरा, कानाशी जरा राखाडी, आणि डावं शिंग उजव्यापेक्षा थोडं खाली झुकलेलं. सासरे गेल्यावर, शेताला ट्रॅक्टर लागायला लागला तेव्हा तो विकला. मी एवढंच सांगितलं. मिस्त्रीनं वहीत लिहून घेतलं, बाजूला पेन्सिलीनं एक तोंड काढलं, शिंग खाली केलं, मला दाखवलं. मी म्हटलं, अजून थोडं खाली. त्यानं खोडून पुन्हा काढलं.

दुकानात मांडलेले तयार नंदीही आहेत, ज्याला घाई आहे त्यानं त्यातला घ्यावा. एका भिंतीला पुठ्ठ्याचे जुने साचे टांगलेले दिसतात, काही तर आजाच्या हातचे, कडा तेलकट होऊन काळ्या पडलेल्या. छपरीत लाकडाचे ओंडके रचलेले असतात. त्यांच्या कापलेल्या तोंडांवर शेणाचा लेप दिलेला असतो, म्हणजे लाकूड टोकाकडून घाईनं वाळत नाही आणि चिरत नाही. वर्षभर वाळल्याशिवाय तो ओंडक्याला हात लावत नाही. एमसीलवाल्या नंदीनंतर मला नेमकं हेच पाहायचं होतं.

नंदीचं अंग शिवणीच्या लाकडाचं. शिवण हलकी, कोरायला मऊ, आणि नीट वाळवली तर वाकत-फाटत नाही. चाकं मात्र बाभळीची, जुन्या बंडीला वापरायचे तीच. शिंगं सागाची, वेगळी कोरून डोक्यात खुंटीनं बसवलेली, म्हणजे पुढे मोडली तर फक्त शिंग बदलता येतं. कानही तसेच. शेपटीचा गोंडा अंबाडीच्या वाखाचा. पायांखालची पाटी रुंद ठेवली आहे, त्यामुळे आमच्या गावच्या सिमेंट रस्त्याच्या खड्ड्यांतही नंदी कलंडत नाही. लेकीनं तो ग्रामपंचायतीसमोरच्या नालीच्या उंचवट्यावरून नेऊन पाहिला, पडला नाही.

चेहऱ्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण पैसे त्याचेच आहेत. कपाळ वरून मागे झुकलेलं आणि नाकाकडे येताना अरुंद होत गेलेलं. नाकपुड्यांच्या वर एक बारीक वळी आहे, बैल श्वास ओढतो तेव्हा पडते तशी. ती पटाशीच्या एकाच फटक्यात काढलेली आहे, दुरुस्त करायला जागाच नाही. डोळे कोरलेले आहेत, मणी नाहीत. वरची पापणी थोडी जड, म्हणून बैल शांत वाटतो. वशिंड मध्यम, आणि डावीकडे अगदी किंचित कललेलं, कारण खऱ्या बैलाचं वशिंड चालताना कलतंच. गळ्याखालची पोळी लांब, घडीदार. अंगाला पांढरा रंग, तोही भिंतीसारखा दाट नाही. आधी खडू-डिंकाचा पातळ लेप, मग रंग, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा रंग. कानाशी राखाडी. उजेडात धरला की पाठीवर रंगाखालून लाकडाची रेघ दिसते. काही लोकांना हे अपुरं रंगवलेलं वाटेल. मला तेच आवडलं.

आणि डावं शिंग. मी जेवढं सांगितलं तेवढंच खाली. घरी आणल्यावर सासूबाईंना काही बोलले नाही, नंदी फक्त समोर ठेवला. त्यांनी सगळ्यात आधी त्या शिंगावरच हात ठेवला आणि लेकीला म्हणाल्या, “याले ढवळ्या म्हन.” लेकीनं त्याच्या आधीच दुसरं नाव ठरवलं होतं, त्यावरून थोडा वाद झाला. शेवटी ढवळ्याच राहिलं.

माझा नंदी वशिंडापर्यंत हातभर उंच, चाकांसकट 5,200 रुपयांना पडला. वीतभर उंचीचे साधे नंदी 900 पासून आहेत. घुंगरू, झूल, मठाटी यात नाही, ती वेगळी घ्यावी लागते. फायबरचा याच उंचीचा नंदी यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो, तेव्हा ज्याला एका वर्षाची हौस भागवायची आहे त्यानं एवढे पैसे घालू नयेत. पण हा नंदी माझ्या लेकीच्या लेकराकडे जाईल, असं लाकूड पाहून वाटतं, आणि त्या हिशेबानं 5,200 मला जास्त वाटले नाहीत. भावात घासाघीस चालत नाही. मी करून पाहिली. त्यानं शांतपणे कमी भावाचा दुसरा नंदी पुढे केला.

आता कमतरता. चाकांचा आस पहिल्या दिवसापासून करकरत होता. मिस्त्री म्हणाला तेल पिऊ द्या, आठ-दहा दिवसांत आवाज गेला, पण विकण्याआधी हे त्यानंच करून द्यायला हवं होतं. तयार व्हायला त्यानं सांगितलं त्यापेक्षा जास्त दिवस लागले, आणि उशीर होणार हे त्यानं स्वतःहून कळवलं नाही, मला फोन करावा लागला. आधी स्टेटसवर दिसायचं कोणाचा नंदी कुठवर आला, ते आता नाही, तर निदान एक फोन तरी त्यानं करावा. मी त्याला हे तोंडावर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. घरपोच सेवा नाही, कुरिअर नाही. दूरच्या माणसाला हे अवघड आहे, आणि ज्यांची लेकरं पुण्या-मुंबईत वाढताहेत त्यांच्यासाठी तर दार जवळजवळ बंदच झालं. माझी नणंद पिंपरीला असते. तिला असाच हवा आहे, आणि तिच्यासाठी मलाच खेप घालावी लागणार. तिचं लेकरू अंगणात चालून कोण दाखवणार, हा प्रश्न आहेच.

दुसऱ्या बाजूनं, विकल्यानंतरची सेवा मला आतापर्यंत कुठेच अशी मिळाली नाही. दर श्रावणात नंदी परत नेला तर तो आस, चाकं, शिंगांच्या खुंट्या तपासून देतो, पैसे घेत नाही. रंगाचे घेतो. आमच्या शेजारच्यांचा एक फार जुना नंदी, कोणी केलेला ते घरात कोणालाच आठवत नाही, त्याचा पुढचा पाय मोडला होता. मी जाताना तो सोबत नेला. मिस्त्रीनं लाकूड नखानं खरवडून पाहिलं, वासानं ओळखलं, त्याच जातीच्या जुन्या तुकड्याचा पाय करून बसवला. रंग मारला नाही. म्हणाला, जुन्या रंगावर मी माझा हात चढवणार नाही. शेजारच्या काकूंना आधी ते आवडलं नाही, सगळा नवा करून हवा होता. आता त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला तो जोड शोधायला लावतात.

मोबाइल त्याच्याकडे आहे, टचवालाच आहे. त्यावर ई-पीक पाहणी करतो, बँकेचे मेसेज पाहतो, पैशाचा स्कॅनरही दुकानात चिकटवलेला आहे. तेव्हा रोख नेली नाही तरी चालेल. मी फोटोबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, “नंदी तुमचा झाला जी, तुमी फोटो काढा नाही तं काही करा. माहं नाव आन्‌ गाव नका टाकू.” म्हणून इथे नाव, गाव, नंबर नाही आणि त्याचा फोटोही नाही. भिवापूरच्या बाजारात लाकडी पाट-बेलणं विकणाऱ्यांना “नंदीवाले मिस्त्री” एवढं विचारा, ते रस्ता सांगतात. नागभीडकडून येणाऱ्यांनीही तसंच करावं.

जायचं असेल तर होळीनंतर लगेच जा. अक्षय तृतीयेपर्यंत वही अर्धी भरलेली असते, नागपंचमीनंतर तो नवं काम घेत नाही. निम्मे पैसे आधी द्यावे लागतात. पावती मिळत नाही. वहीत आपल्याच हातानं नाव, गाव, लेकराचं वय आणि घरच्या बैलाचं वर्णन लिहायचं. घरी बैल नसेल तर आजोळचा लिहा, शेजारचा लिहा, पण शिंगं आणि कपाळ आठवून जा, तो नेमकं तेच विचारतो. आणि नंदी घरी आणला की चाकांच्या आसाला एरंडेल लावा. खोबरेल थंडीत थिजतं.